भाचेराव, आधी बाणांचा हिशेब

प्रिय भाचेराव,



तुझा अर्ज वाचला. इंग्रजी झकास आहे. पहिल्याच ओळीत तू स्वतःला 'यंग बोहंटर फ्रॉम इंडिया' म्हणवून घेतलंस. खाली फोटो: अंगात हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे, हातात कंपाउंड धनुष्य, मागे लखनौच्या चिनहटपलीकडची कालव्याकाठची शेतं, आणि त्या शेतात लांबवर उभी एक नीलगाय. अर्ज आहे अमेरिकेतल्या धनुष्य बनवणाऱ्या एका कंपनीला. मागणी नवं धनुष्य, दोन डझन बाण आणि 'शक्य झाल्यास मासिक मानधन' अशी.

अक्का फोनवर म्हणाली, "मामाला दाखव म्हटलं, त्यानं जन्मभर लोकांचे अर्जच वाचलेत." खरं आहे ते. पतसंस्थेच्या कचेरीत बसून मी कर्जाचे अर्ज वाचले तेवढेच देणगीचेही वाचले. कुस्तीचं मैदान, गावची यात्रा, व्याख्यानमाला, कबड्डीच्या पोरांचे बूट, शाळेचं पत्र्याचं छप्पर. देणारा टेबलाच्या पलीकडे बसून काय बघतो, ते मला बऱ्यापैकी माहीत आहे. म्हणून उत्तर लिहितो, आणि उघड लिहितो. विटा, खानापूर, आटपाडीकडून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेल्या घरांत तुझ्या वयाची पोरं पुष्कळ आहेत. कुणाला क्रिकेट लागतं, कुणाला बंदूक, कुणाला घोडा. बापाची भट्टी त्यांना नको असते आणि बापाकडे पैसे मागायचीही लाज वाटते. तुझं नाव मी कुठे घालत नाही, तेव्हा अक्कानं काळजी करू नये.

आधी त्या नीलगायीचं बघू.

तू बाण सोडला नाहीस, नुसता ताणून फोटो काढलास, यावर माझा विश्वास आहे. पण १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा उघडून बघ. त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारणं तर आहेच, मारण्याचा प्रयत्नही आहे. जनावराला हाकारणं आहे, आमिष दाखवणं आहे, पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंसुद्धा आहे. सुरुवातीला काही प्राण्यांसाठी परवाना मिळत असे, १९९१च्या दुरुस्तीने तीही वाट बुजली. हौसेची शिकार या देशात आता कायदेशीर उरलेली नाही. तू म्हणशील, नीलगायी शेताचं वाटोळं करतात, शेतकरी स्वतःच वैतागलेत. वैतागलेत, हे खरं आहे. २०१६ साली बिहारात केंद्राच्या अधिसूचनेनंतर मोकाम्याच्या बाजूला नेमबाज बोलावून दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या, आणि त्यावरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या एकाच सरकारातल्या दोन मंत्र्यांची जाहीर खडाजंगी झाली. पण तिथे सरकारचा हुकूम होता, बंदुका होत्या, आणि तो बंदोबस्त होता. त्यात कुणी हौस भागवत नव्हतं. तुझ्याजवळ यातलं काही नाही. असा फोटो स्वतःच्या नावासकट परदेशी कंपनीला पाठवणं म्हणजे पुरावा स्वतःच्या हाताने पोस्टात टाकणं.

हे झालं कायद्याचं. पण तो फोटो अर्जाच्या कामाचाही नाही, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

अमेरिकेत धनुष्याने हरीण मारणं रीतसर आहे. राज्य सरकारं परवाने विकतात, हंगाम ठरवतात, किती मारायची याचा आकडा ठरवतात. तिथे बंदुका-काडतुसांवर एक केंद्रीय कर आहे, आणि १९३७च्या कायद्यापासून त्याचा पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. १९७२च्या कायद्याने त्या करात धनुष्यबाणही आले. म्हणजे तिथला शिकारी हा त्या धंद्याचा मुख्य ग्राहक आहे. कंपाउंड धनुष्यच घे. मिसुरीतल्या हॉलेस ॲलन नावाच्या माणसाने १९६०च्या दशकात धनुष्याला कप्प्या लावून ते बनवलं आणि १९६९ साली त्याला पेटंट मिळालं. त्याला ऑलिंपिक जिंकायचं नव्हतं, हरणाजवळ ताणलेली दोरी जास्त वेळ धरून ठेवता यावी अशी सोय हवी होती. पुढे त्याच कप्प्यांच्या युक्तीने खेळाचं धनुष्य झालं. आजही या कंपन्यांचं पोट मुख्यतः शिकाऱ्यांवर चालतं. तिथे त्या ज्या पोरांना 'प्रो-स्टाफ' म्हणून घेतात, त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला सवलतीत सामान येतं आणि चार गिऱ्हाईकं आणण्याची जबाबदारी येते. मानधन मिळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आता सांग, ज्या देशात शिकारच बंद आहे, तिथे बसून तू त्या कंपनीला गिऱ्हाईक कुठून आणणार? गोमतीनगरच्या मॉलमधून?

१९७२ हे साल बघ कसं आहे. अमेरिकेत धनुष्यावरच्या कराचा कायदा झाला, आपल्याकडे शिकारीवर कायदा आला, आणि त्याच वर्षी म्युनिकमध्ये तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परतली. १९२० नंतर ती तिथून गायबच होती. लगेच पुढच्या वर्षी, १९७३ला, भारतीय तिरंदाजी संघटना स्थापन झाली. आपल्या देशात धनुष्य जंगलातून मैदानात आलं ते त्या एक-दोन वर्षांत. जंगलाकडचं दार बंद होऊ लागलं होतं आणि मैदानाचं नुकतंच किलकिलं झालं होतं. तू अजून बंद दारावर थापा मारतोयस.

आणि मैदानाचे नियम वेगळे. तू अभिमानाने लिहिलंस की तुझं धनुष्य ७० पौंड ताणाचं आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत कंपाउंडला ६० पौंडांची मर्यादा आहे. ते ठिपक्या-ठिपक्यांचे कपडे आणि तसल्याच रंगाचं धनुष्य जागतिक तिरंदाजीच्या स्पर्धेत चालतच नाही. म्हणजे फोटोत जे जे तू मिरवलंस, त्यातलं अर्ध्याहून जास्त पंच काढून ठेवायला लावतील. शिकाऱ्यासारखा डोळा वापरायचीच हौस असेल तर थ्री-डी तिरंदाजी नावाचा प्रकार आहे. जंगलवाटेवर फोमची जनावरं उभी करतात, अंतर सांगत नाहीत, तुझं तूच ताडायचं. २००३ पासून त्याची जागतिक स्पर्धा होते. जनावर मरत नाही आणि नेम चुकला तर बाण झुडपात शोधत बसावं लागतं, एवढीच शिक्षा. आपल्याकडे त्यात फारसा पैसा नाही, पण तुझी खाज भागेल.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. धनुष्य हातात घेणाऱ्याला पोसतो कोण?

तू राहतोस त्या चिनहटपासूनच सुरू करू. ३० जून १८५७ रोजी तिथे, इस्माइलगंजच्या बाजूला, हेन्री लॉरेन्सच्या फौजेला बंडवाल्यांनी धूळ चारली. उरलेले गोरे रेसिडेन्सीत पळाले आणि पाच दिवसांच्या आत लॉरेन्स स्वतः गोळा लागून मेला. या लढाईत मक्का पासी पडला असं सांगतात. त्याची बायको उदा देवी नोव्हेंबरात सिकंदरबागेत झाडावर चढून इंग्रज शिपाई टिपत होती. तिचा पुतळा तू पाहिला असशील, नसेल तर जाऊन बघ. हे पासी लोक अवधचे नावाजलेले धनुर्धारी. १८४९-५० साली कर्नल स्लीमन अवधभर फिरला तेव्हा त्यानेही त्यांच्या धनुष्यांची दहशत नोंदवून ठेवली आहे. जमीनदार त्यांना गावराखणीला, पिकांच्या पहाऱ्याला ठेवत, आणि भांडण पेटलं की पुढे घालत. धान्य देत, जमिनीचा तुकडा देत. तिरंदाजाला पोसण्याची रीत चिनहटच्या मातीत तुझ्या कंपनीच्या किती तरी आधीपासून आहे. पुढे जमीनदारांची ही चाकरी सुटली आणि इंग्रजांनी याच समाजाला गुन्हेगार जमातींच्या यादीत बसवलं. पोसणारा गेला की धनुष्यवाल्याचं काय होतं, तेही तिथेच बघायला मिळतं.

मग लिंबाराम. राजस्थानात उदयपूरकडच्या डोंगरातला अहारी आदिवासी पोरगा, बांबूच्या धनुष्याने तितर-चिमण्या मारणारा. तू ज्याला हंटर म्हणतोस तसा खराखुरा, पोटासाठी. १९८७ साली क्रीडा प्राधिकरणाने आदिवासी भागांत मुलांच्या चाचण्या घेतल्या, त्यात तो सापडला. पुढच्याच वर्षी तो सोल ऑलिंपिकला होता. ८८, ९२, ९६ अशी ओळीने तीन ऑलिंपिक खेळला, १९९२च्या बीजिंगच्या आशियाई तिरंदाजी स्पर्धेत ३० मीटरवर ३६०पैकी ३५८ गुण मारून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. त्याने कुणालाही अर्ज लिहिला नव्हता. सरकारने त्याच्या डोंगरापर्यंत माणूस पाठवला होता. अशी योजना रोज निघत नाही आणि चिनहटच्या फ्लॅटवर तर मुळीच येत नाही, हे मलाही कळतं. पण लिंबारामाजवळ दाखवायला एकच गोष्ट होती, आणि ती होती नेम.

तिरंदाज दीपिकाकुमारीचे वडील रांचीला रिक्षा चालवत. ती टाटांच्या जमशेदपूरच्या अकादमीत घडली. ही अकादमी १९९६ पासूनची. आपला फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव तर शेतमजुराच्या घरातला. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींनी त्याला पळायला लावलं, त्याच्या खाण्याची सोय केली. मग तो अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत तिरंदाजी शिकला, नंतर लष्करात गेला, आणि २०२१ साली टोकियोत जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या रशियन तिरंदाजाला त्याने ६-० असं घरी पाठवलं. आमच्याकडे पैलवानाला खुराक लावून देतात, दूध-तूप-बदामाचा खर्च कुणीतरी उचलतं, तीच ही पद्धत. गुरुजींनी खुराक लावला. कपड्यावर गुरुजींचं नाव कुठे छापलेलं नव्हतं.

आणि तुझ्याच प्रकारच्या, कंपाउंड धनुष्याचे दोघे. ५ ऑगस्ट २०२३, बर्लिन. साताऱ्याची अदिती स्वामी सतरा वर्षांची, अंतिम फेरीत मेक्सिकोच्या मुलीला १४९-१४७ने हरवून जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पंधराच्या पंधरा बाण दहात मारले, १५०पैकी १५०, आणि तोही जगज्जेता. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांच्या हाताखाली, उसाच्या शेताचं मैदान करून तिथे सराव करत. अदितीचे वडील शिक्षक. मुलीच्या सरावासाठी त्यांनी बिऱ्हाड साताऱ्याला हलवलं, सामानासाठी कर्ज काढलं. तिच्या पहिल्या प्रायोजकाचं नाव स्वामी सर. नंतर बाकीचे आले.

इथे तू मान हलवशील, मला माहीत आहे. अक्काने सांगितलं: "घरी मागणं म्हणजे भीक आहे, कंपनीकडे मागणं म्हणजे करिअर" असं तुझं म्हणणं. वाक्य ऐकायला बरं आहे. तरी मला ते अजिबात पटत नाही. कंपनी जे मागते ते तुझ्याजवळ नाही, म्हणजे गिऱ्हाईक. बाप काहीच मागत नाही, म्हणून त्याचे पैसे जड वाटतात. त्या जडपणावर इलाज आहे, तो म्हणजे हिशेब. कुणाकडून घेतलं ते लिहून ठेवायचं, कशावर गेलं ते दाखवायचं, जमेल तसं फेडायचं.

खाशाबा जाधवांची गोष्ट उत्तर प्रदेशातल्या शाळेत तू बहुधा ऐकली नसशील. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदकानंतर बैलगाड्यांची मिरवणूक वगैरे सगळं झालं. लोक तेवढंच सांगतात. मला त्यापुढचं आवडतं: परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून देणं फेडलं. ऑलिंपिकचा पदकवीर गहाण सोडवायला लाल मातीत उतरला. त्याला त्यात कमीपणा वाटला असेल असं मला वाटत नाही. वाटला असता तर त्याने कुठल्याशा पुढाऱ्याला गाठलं असतं, पुढाऱ्यांची तेव्हाही वाण नव्हती.

तर आता कामाचं बोलू.

तुझ्या अर्जात फोटो चार आहेत आणि गुण एकही नाही. ५० मीटर, ८० सेंटिमीटरचं टार्गेट, आठ सेंटिमीटरचा दहाचा गोल, ७२ बाण, ७२०पैकी किती? बाकी सगळं नंतर. अदितीने २०२३ साली मेदेयीनला अठरा वर्षांखालच्या गटात ७११ मारले तो विश्वविक्रम झाला. तू ६२०ला असशील तर ६२० लिही. मी देणगीच्या टेबलावर बसलेला माणूस आहे, ६२० वाचून मी कागद बाजूला ठेवत नाही. तीन महिन्यांपूर्वी ५८० होते आणि आता ६२० आहेत, असं दिसलं तर चहा सांगतो. गुणच लिहिले नसतील तर मात्र समजतो की पोराला स्वतःलाच मोजून घ्यायची भीती आहे. दाजी रोज काय करतात? दागिना कितीही चमको, आधी टंच काढतात, मग भाव बोलतात. लखनौच्या चौकातल्या सराफाने आजवर कधी नुसती चमक बघून पैसे मोजलेत का?

दुसरं, कुणाकडे काय मागायचं. मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या पैशाबद्दल तू पुष्कळ ऐकलं असशील. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ज्यांची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटींच्या वर आहे, त्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्चावी लागते. ग्रामीण, राष्ट्रीय, ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक खेळांचं प्रशिक्षण त्या यादीत आहे. पण त्याच नियमांत असंही आहे की स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली प्रायोजकता यात धरता येत नाही. म्हणजे 'तुमचा लोगो माझ्या छातीवर लावतो' हे वाक्य त्या खात्याकडच्या अर्जात घातलंस की अर्ज आपोआप चुकीच्या टेबलावर जातो. तिथे प्रशिक्षण मागायचं, तेही एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत, क्लबमार्फत. लोगो दाखवायचा तो जाहिरात खात्याला. दोन पैसे, दोन टेबलं, दोन अर्ज. हा फरक न कळल्यामुळे परत गेलेले अर्ज मी इतके पाहिलेत की आता वाईटही वाटत नाही.

सरकारी वाट आहे. 'खेलो इंडिया'त निवड झाली तर प्रशिक्षण, राहणं, सामान मिळून वर्षाला सव्वासहा लाखांच्या आसपास खर्च होतो, त्यात महिना दहा हजार हातखर्च. पण तिथे जायचं तर राष्ट्रीय पातळीवरचे गुण हवेत, आणि राष्ट्रीय पातळीवर जायला आधी राज्याच्या स्पर्धा. कंपाउंडवाल्यांची आजवर एक अडचण होती, ऑलिंपिकमध्ये त्यांना जागा नव्हती, म्हणून मोठा पैसा रिकर्व्ह या ऑलिंपिकच्या धनुष्याकडे वळायचा. एप्रिल २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने लॉस एंजलिस २०२८साठी कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा मंजूर केली. ऑक्टोबर २०२५मध्ये दिल्लीत तिरंदाजीची लीगसुद्धा झाली, सहा संघ, दिव्यांच्या उजेडात. त्यातल्या एका संघाचं नाव 'मायटी मराठाज' होतं. नाव ऐकून मी हसलो, पण तिथे तिरंदाजांच्या हातात पैसे पडले, त्यामुळे हसणं आवरतं घेतो. वारं तुमच्या बाजूला वळलंय, हे अर्जात लिहायला हरकत नाही. एका वाक्यात. आणि २०२८ला तू स्वतः खेळशील असं लिहू नकोस.

तिसरं, आणि हे मी दाजींशी बोललोय. कंपाउंडचा स्पर्धेचा पूर्ण संच आज अडीच-तीन लाखांच्या घरात जातो. तेवढे एकदम मागितलेस तर कुणीही दचकेल. पण बाण तुटतात, पिसं जातात, दोरी बदलावी लागते, प्रवास असतो, स्पर्धेची फी असते. हे तुकडे आहेत आणि तुकड्यांना देणारे सापडतात. चौकात आपल्या बाजूची जी गलाईवाली घरं आहेत, त्यांनी एकमेकांच्या पोरींची लग्नं केलीत, कुणाचं दुकान बुडालं तर उचलून धरलंय. एका घराने एक डझन बाण द्यायचे म्हटलं तर कुणाला जड नाही. तू म्हणशील, "हे लोक तिरंदाजीतलं काय जाणतात?" काही जाणत नाहीत. खर्डेकरांना तरी धोबीपछाड कुठे मारता येत होता?

तोवर तुझ्या धनुष्याचा ताण साठ पौंडांवर आण, ते येत नसेल तर ते विक. मधल्या काळात क्लबमध्ये इंडियन राउंडचं बांबूचं धनुष्य मिळालं तर त्यावर हात बसव. राष्ट्रीय स्पर्धांत त्या प्रकाराला स्वतंत्र जागा आहे आणि ते धनुष्य काही हजारांत येतं. त्यात कप्प्या नाहीत, भिंगं नाहीत, खटका नाही. चुकलं की चूक थेट तुझीच. तुला ते आवडणार नाही, म्हणूनच सांगतो.

नवा अर्ज मी मराठीत लिहून ठेवलाय, तुझ्या इंग्रजीत तू कर. त्यात असं आहे: मी अमुक वर्षांचा, चिनहटला राहतो, अमुक क्लबमध्ये अमुक प्रशिक्षकांकडे शिकतो. गेल्या सहा महिन्यांतले माझे गुण सोबत जोडले आहेत, वाईट दिवसांचेही. पुढच्या वर्षात मला या या स्पर्धा खेळायच्या आहेत. त्यासाठी इतका खर्च आहे, त्यातला इतका घरून होतो, इतका कमी पडतो. आपण यांपैकी एक डझन बाण किंवा एका स्पर्धेचा प्रवास दिलात तर दर तीन महिन्यांनी गुण आणि पावत्या पाठवीन. जागा कोऱ्या ठेवल्यात, तू भर. प्रशिक्षकांची सही घे. क्लबच नसेल तर आधी क्लब शोध. मोकळ्या प्लॉटवर पुठ्ठे लावून एकट्याने सराव करणं बंद कर, तिकडे पोरंबाळं फिरतात आणि पन्नास मीटरवरून सुटलेला बाण कुणाचं ऐकत नाही.

पहिला डझन बाण माझ्याकडून. अमुक कंपनीचेच हवेत वगैरे नखरे नकोत, प्रशिक्षक सांगतील ते. पैसे दाजींच्या खात्यावर टाकतो, तुझ्या नाही. पावती मला पाठव. दिवाळीनंतर पुण्याहून लखनौची गाडी धरतो, तेव्हा चौकातल्या मंडळींकडे आपण तिघं मिळून जाऊ. बोलायचं तू, मी फक्त शेजारी बसणार. तुझं मराठी तिथे अडखळलं तरी चालेल, त्यांच्या पोरांचंही अडखळतं.

त्याआधी ७२ बाणांचं स्कोअरशीट पाठव. एकाच दिवसाचं नको, लागोपाठ तीन रविवारांचं, आणि कागदावरचं, खोडाखोड न करता. शेवटच्या सहा बाणांच्या ओळीखाली प्रशिक्षकांची सही हवी. तीन कागद आले की दुसऱ्या दिवशी पैसे टाकतो.

अक्काला, दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा